बॅकएंड कशात करायचं? आधी ते बंद कसं पडतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांची टीम आहे, दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करायचंय; त्याचं बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर चालणारा भाग, कशात लिहायचा यावर वाद आहे. दोघांचा हात पीएचपी आणि तिच्या लाराव्हेल या फ्रेमवर्कवर (तयार सांगाड्यावर) बसलेला, एक जण जावास्क्रिप्टवाला, एकाला पायथन बऱ्यापैकी येतं. जावास्क्रिप्टवाल्याचा आग्रह नोडचा, म्हणजे सर्व्हरवरही जावास्क्रिप्टच चालवण्याचा. पायथनवाल्याने बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या) वाचलेत, त्याला गो ही भाषा हवी. पहिला ग्राहक म्हणतोय, ‘जावा असेल तर बरं.’ आणि वर्षभरात रोज ५०,००० लोक वापरतील असा तुमचा अंदाज. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या जागी मी लाराव्हेल आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला असता. पण ‘येतंय तेच वापरा’ एवढ्यावर हे थांबत नाही. यांपैकी कोणाचंही कारण मला फारसं पटलेलं नाही आणि परिस्थिती थोडी वेगळी असती तर मीच दुसरं काही सुचवलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण सगळ्या वादावादीत तोच पुढे असतो. ५०,००० लोक, प्रत्येकाच्या दिवसाला ३० रिक्वेस्ट (सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) धरा. १५ लाख झाल्या. दिवसाचे सेकंद ८६,४००. सरासरी सेकंदाला १७-१८ रिक्वेस्ट. दवाखान्यांची गर्दी ठरावीक तासांत होते, म्हणून सरासरीच्या दहापट धरली तरी पावणेदोनशेच्या आत. एवढा भार तुम्ही नावं घेतलेली प्रत्येक भाषा एका मध्यम सर्व्हरवर, फार तर दोन सर्व्हरवर, आरामात पेलते.

आता एका रिक्वेस्टच्या आत बघा. समजा ‘आजच्या अपॉइंटमेंट’ हे पान यायला १२० मिलिसेकंद लागतात. अशा सॉफ्टवेअरचं प्रोफायलिंग केलं, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजलं, की साधारण चित्र असं दिसतं: नव्वदेक मिलिसेकंद डेटाबेसमध्ये, वीसेक नेटवर्क आणि इतर गोष्टींत, आणि उरलेले दहा तुमच्या भाषेत. भाषा दहापट वेगवान केली तर १२० चे १११ होतील. कोणाच्या लक्षातही यायचं नाही. उलट त्याच पानावर ५० अपॉइंटमेंट दाखवताना प्रत्येक पेशंटचं नाव वेगळ्या क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) येत असेल, तर एकाच्या जागी ५१ क्वेऱ्या होतात. ही चूक कोड आणि डेटाबेस जोडणाऱ्या कुठल्याही लायब्ररीत (ओआरएममध्ये) होते: लाराव्हेलच्या एलोक्वेंटमध्ये, पायथनच्या जँगो फ्रेमवर्कच्या ओआरएममध्ये, जावाच्या हायबरनेटमध्येही. आणि ती सुधारणं हे एका ओळीचं काम असतं, भाषा कुठलीही असो.

भाषेच्या वेगामुळे खरोखर अडलं, अशी उदाहरणंही आहेत. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने आपली एक सेवा गोमधून रस्ट या भाषेत नेली (हे त्यांनी २०२० मध्ये सांगितलं), कारण गोचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा भाग) दर दोन मिनिटांनी चालायचा आणि तेवढ्यापुरता प्रतिसाद मंदावायचा. तिथे ते बरोबरच होतं: प्रचंड मोठा कॅश (हाताशी ठेवलेला डेटा) सतत मेमरीत, आणि प्रत्येक मेसेजगणिक त्याला हात लावायचा. दुसऱ्या बाजूला, २०१६ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोसारखी प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर, नऊ वेब सर्व्हरांच्या जोरावर चालत होती. त्यांचा बराचसा भर क्वेऱ्या आणि कॅशिंगवर होता. तुमचं काम या दुसऱ्या जातीचं आहे.

मग ठरवायचं कशावरून? माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न असा: हे तंत्रज्ञान भाराखाली बंद कसं पडतं, आणि ते पडलेलं माझ्या टीमला ओळखता येईल का? चालू असताना सगळी सारखीच दिसतात. पडण्याच्या तऱ्हा मात्र अगदी वेगवेगळ्या आहेत, आणि त्या ट्युटोरियलमध्ये कोणी दाखवत नाही.

पीएचपीपासून सुरुवात करू. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये एक वर्कर (काम करणारी प्रोसेस) एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो, आणि ती संपली की तिची मेमरी साफ. त्यामुळे एका रिक्वेस्टचा घोळ दुसरीत जात नाही. हा मोठा गुण, आणि लोक तो विसरतात. पण समजा, अपॉइंटमेंट पक्की झाली की त्याच कोडमधून तुम्ही एसएमएस पाठवताय आणि ते पोचवणारी बाहेरची सेवा, म्हणजे गेटवे, आज दहा सेकंद घेतेय. एफपीएमच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ हा आकडा ५ असतो. पाच जणांनी एकदम बुकिंग केलं की पाचही वर्कर एसएमएसच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. सहावा माणूस ताटकळतो, त्याच्यामागे रांग वाढत जाते आणि शेवटी ५०४ (वेळेत उत्तर नाही) या एरर येऊ लागतात. तुम्ही सर्व्हर बघता तर सीपीयू निवांत. नवखा माणूस इथे तासभर चक्रावतो. इलाज साधा आहे: एसएमएस क्यूमध्ये (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाका, बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट (थांबायची कमाल वेळ) द्या (लाराव्हेलच्या एचटीटीपी क्लायंटचा डिफॉल्ट ३० सेकंदांचा आहे, तो तुमच्यासाठी फार झाला), आणि वर्करांची संख्या मेमरी बघून ठरवा. पीएचपीसाठी २ जीबी राखली आणि एक प्रोसेस ५० एमबी खात असेल तर ४० वर्कर.

नोडचं नेमकं उलटं. एसएमएसची वाट बघणं त्याला जवळपास फुकट आहे. एकच थ्रेड (कामाचा धागा) हजारो कनेक्शन सांभाळतो, कारण वाट बघताना तो मोकळा असतो. पण महिनाअखेरीला कोणीतरी रिपोर्टचं बटण दाबलं, ४०,००० बिलं मेमरीत आणून जावास्क्रिप्टच्या लूपमध्ये बेरजा सुरू झाल्या आणि त्याला चार सेकंद लागले, तर ते चार सेकंद त्या प्रोसेसवरचे सगळे दवाखाने थांबतात. लॉगिन थांबतं, बुकिंग थांबतं, ‘चालू आहेस का’ विचारणाऱ्या हेल्थ चेकलाही उत्तर मिळत नाही. मग सर्व्हरांत काम वाटणारा लोड बॅलन्सर समजतो की हा सर्व्हर गेला आणि त्याला वगळून टाकतो. सीपीयू बघाल तर एक कोर शंभर टक्के, बाकीचे रिकामे. दुसरं म्हणजे, नोड १५ पासून न पकडलेलं प्रॉमिस रिजेक्शन (मागे चालू असलेल्या कामात आलेली, कोणी न हाताळलेली एरर) अख्खी प्रोसेस खाली आणतं. एका कोपऱ्यातल्या फंक्शनमध्ये कोणी अवेट (‘उत्तर येईपर्यंत थांब’ ही सूचना) विसरला आणि तिथे एरर आली, की त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्यांच्या रिक्वेस्ट तुटतात. हे वागणं योग्यच आहे. फक्त तुमच्या टीमला ते आधी माहीत हवं.

जावा आणि तिचा स्प्रिंग बूट हा फ्रेमवर्क ही भरवशाची जोडी आहे, पण तिचीही एक ठरलेली खोड आहे. आतल्या टॉमकॅट या वेब सर्व्हरचे डिफॉल्ट थ्रेड २००, आणि हिकारी पूलमध्ये (तयार कनेक्शनांच्या साठ्यात) डेटाबेसची कनेक्शनं १०. आता कोणी ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधला एकसंध व्यवहार) उघडी ठेवून आतूनच पेमेंट गेटवेला कॉल केला, तर ते कनेक्शन तेवढा वेळ अडकतं. अशा दहा रिक्वेस्ट झाल्या की बाकीचे थ्रेड ३० सेकंद वाट बघून एरर देतात. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आले, २०२३ मध्ये. त्यांनी थ्रेड स्वस्त झाले, पण कनेक्शनं दहाच राहिली. पुष्कळ लोक हे विसरून व्हर्च्युअल थ्रेड चालू करतात आणि मग अडचण आणखी जोरात आदळते.

गोमध्ये याच्याही उलट. तिथल्या स्टँडर्ड डेटाबेस पॅकेजला कनेक्शनची मर्यादाच नसते; ती तुम्ही घालायची असते. गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) सुरुवातीला दोनेक केबीचा स्टॅक घेऊन निघतो, म्हणून ते ढिगाने सुरू करण्याचा मोह होतो. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची. गर्दी झाली की गोचं काही बिघडत नाही, पोस्टग्रेसच दार बंद करतं आणि त्याच डेटाबेसवरचे दुसरे प्रोग्रामही बाहेर राहतात. पायथनचं थोडक्यात: गनिकॉर्न हा तिथला सर्व्हर काही न सांगता सुरू केलं तर एकच वर्कर उभा राहतो आणि ३० सेकंदांत काम झालं नाही तर तो मारला जातो. डेव्हलपमेंटला मस्त चालणारं जँगो प्रॉडक्शनला पहिल्याच दिवशी का घुसमटलं, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

आता स्वतःलाच विचारा: ऐन गर्दीत सगळं अडकलंय, ग्राहकाचे फोन येतायत, तेव्हा लॉग बघून ‘अरे, हे अमुक झालंय’ असं तुमच्यापैकी कोण म्हणू शकेल? पीएचपीबाबत दोघं म्हणू शकतील. गोबाबत आज तरी कोणीच नाही. चौघांच्या टीममध्ये दोन जण जाणते असणं ही फार मोठी गोष्ट आहे. एकच जाणता असेल तर तो रजेवर गेला की तुम्ही उघड्यावर.

यापेक्षाही महत्त्वाचं, तुमच्या प्रश्नात नसलेलं काहीतरी आहे: डेटाबेस. अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात लाजिरवाणी चूक म्हणजे एकाच डॉक्टरची एकच वेळ दोघांना देणं. बहुतेक जण कोड असा लिहितात: आधी बघा ही वेळ रिकामी आहे का, असेल तर नोंद करा. दोन पेशंटनी एकाच क्षणी बटण दाबलं की दोघांनाही वेळ रिकामी दिसते आणि दोन्ही नोंदी होतात. गो घ्या, जावा घ्या, हे असंच होणार. नोडमध्ये तर ‘एकच थ्रेड आहे, मग होणारच नाही’ असं लोक ठामपणे सांगतात. पण त्या दोन क्वेऱ्यांच्या मधल्या अवेटमध्ये दुसरी रिक्वेस्ट घुसते, आणि दोन प्रोसेस चालू असतील तर विषयच संपला.

याचा पक्का बंदोबस्त डेटाबेसमध्येच होतो. सगळे स्लॉट ठरीव १५ मिनिटांचे असतील तर डॉक्टर आणि सुरुवातीची वेळ यांवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) लावा. रद्द झालेल्या नोंदी वगळायच्या म्हणून पार्शल, म्हणजे ठरावीक ओळींपुरता, इंडेक्स. पण खऱ्या दवाखान्यात तपासणी १० मिनिटांची, ड्रेसिंग २५ मिनिटांचं. मग १०:०० ते १०:२५ आणि १०:२० ते १०:३० या दोन नोंदींची सुरुवात वेगळी, तरी त्या एकमेकींवर चढतात. पोस्टग्रेसमध्ये यासाठी एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे: ‘डॉक्टर तोच आणि वेळेचा पट्टा एकमेकांत शिरणारा’ अशी दुसरी ओळ तो घेतच नाही. जोडीला बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, बाकी काही नाही. मायएसक्यूएलमध्ये हा कन्स्ट्रेंट नाही. तिथे डॉक्टरच्या ओळीवर लॉक घेऊन काम भागवावं लागतं, आणि ते प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावं लागतं. म्हणून भाषेवर घालवताय त्याच्या दुप्पट वेळ तुम्ही डेटाबेसवर घालवावा असं मला वाटतं. भाषा पाच वर्षांनी बदलता येईल. चुकीच्या नोंदींनी भरलेला डेटा साफ करायला जीव मेटाकुटीला येतो.

बिलिंगबद्दल एवढंच: रक्कम फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये ०.३०००००००००००००००४ येते, आणि पीएचपी, पायथन, जावाचे फ्लोटही आतून तसेच असतात. जावात बिगडेसिमल, पायथनमध्ये डेसिमल, डॉटनेटच्या सी-शार्पमध्ये तर थेट भाषेतच दशांश प्रकार आहे. जावास्क्रिप्टमध्ये तसा प्रकार नाही, गोच्या स्टँडर्ड लायब्ररीतही नाही. पीएचपीत बीसीमॅथ वापरता येतं. पण सगळीकडे चालणारा मार्ग म्हणजे चलनाच्या सगळ्यात लहान एककात पूर्णांक साठवणं. या एका निकषावर भाषा नाकारावी असं मी म्हणणार नाही, पण हिशेबाचं काम जास्त असेल तर तागडी थोडी झुकते.

कोणीतरी म्हणेल, ‘प्रतीक्षागृहातल्या स्क्रीनवर चालू नंबर लाइव्ह दाखवायचाय, म्हणजे वेबसॉकेट (सतत उघडं कनेक्शन), म्हणजे नोडच.’ ५०० दवाखाने, प्रत्येकी एक स्क्रीन, दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारणा: सेकंदाला ५० हलक्या रिक्वेस्ट. साधं पोलिंग पुरतं. पुढे खरंच गरज पडली तर लाराव्हेलचं रिव्हर्ब हे वेबसॉकेटचं साधन आहेच, किंवा तेवढाच भाग नोडमध्ये वेगळा काढा. हो, आणि पहिल्या दिवसापासून मायक्रोसर्व्हिसेस (एका सॉफ्टवेअरचे अनेक सुटे प्रोग्राम) करू नका. चौघांना एक डिप्लॉय सांभाळणं पुरे.

मी वेगळं उत्तर कधी दिलं असतं? कामाचा गाभाच उघड्या कनेक्शनांचा असता, म्हणजे चॅट किंवा लाइव्ह लोकेशन, आणि तिघं टाइपस्क्रिप्टवाले असते, तर नोड. कनेक्शनांची संख्या लाखांत जाणार असती तर एर्लांग-इलिक्सिर या भाषांचाही विचार केला असता. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ मध्येच एर्लांगवर एका सर्व्हरमागे २० लाख कनेक्शनं सांभाळल्याचं जाहीर केलं होतं. सॉफ्टवेअर प्रत्येक ग्राहकाच्या स्वतःच्या मशीनवर बसवायचं असतं, तर गो: एकच बायनरी फाइल कॉपी केली की झालं, रनटाइमची झंझट नाही. रिपोर्टमधून मशीन लर्निंगचं काम निघणार असतं तर पायथन, आणि जँगोचं तयार अ‍ॅडमिन पॅनल बघता तुमच्या प्रकल्पातही तो दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पर्याय आहे. वीस-पंचवीस जणांची टीम, दहा वर्षांचं आयुष्य, माणसं येत-जात राहणार, असं असतं तर जावा किंवा डॉटनेट. तिथे कंपायलर (कोड चालण्याआधीच तपासणारा) जो धाक ठेवतो त्याची किंमत तेव्हा कळते. रस्ट मला आवडतं, पण बिलिंगच्या फॉर्मसाठी नाही.

आयुष्याचा विषय निघालाच आहे तर सपोर्टचं गणितही घाला. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. डॉटनेटच्या एलटीएसला (दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीला) तीन वर्षं, जँगोच्या एलटीएसलाही साधारण तीन. नोडमध्ये आजवर सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना एलटीएस मिळत आला. लाराव्हेल मात्र दर वर्षी नवी मोठी आवृत्ती काढतं आणि सुरक्षा अपडेट दोनच वर्षं देतं. म्हणजे लाराव्हेल घेतलंत तर दर वर्षी आठवडाभर अपग्रेडसाठी राखून ठेवा आणि तो ग्राहकाच्या देखभाल करारात आधीच लिहा. हा लाराव्हेलचा खरा तोटा आहे. ‘पीएचपी स्लो आहे’ हा नाही. पीएचपी ७ आलं २०१५ मध्ये, तेव्हाच ती तक्रार बरीचशी जुनी झाली.

माझ्या शब्दावर जाऊ नका, करून बघा. दोन उमेदवार घ्या, लाराव्हेल आणि तुमच्यातला दुसरा लाडका. लॉगिनचं पान करू नका, ते सगळीकडे सोपंच असतं. सगळ्यात अवघड तुकडा करा: एकमेकांवर चढणाऱ्या वेळांचं बुकिंग, त्याचं बिल, बिलाची पीडीएफ, आणि एसएमएस. मग ते मुद्दाम मोडा. खोटा एसएमएस गेटवे करून त्याला दहा सेकंद झोपवा. चालू असताना डेटाबेस बंद करून परत चालू करा, आणि आपोआप सावरतंय का बघा. एकाच वेळेसाठी २०० समांतर बुकिंग मारा. हे सगळं एकाने करायचं आणि दुसऱ्याने, काय केलंय हे न सांगता, फक्त लॉगवरून शोधायचं. ज्या तंत्रज्ञानात तो दुसरा माणूस लवकर मुद्द्यावर येतो, ते घ्या. ते नोड निघालं तर नोड घ्या, माझी काही हरकत नाही.

राहिला ग्राहकाचा जावाचा हट्ट. त्याला थेट ‘का’ विचारा, कारण यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्याच्याकडे जावाची स्वतःची टीम असेल आणि वर्ष-दोन वर्षांनी कोड तीच सांभाळणार असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि जावाच घ्या. फक्त प्रॉडक्शनला जावा चालवलेला एक माणूस सुरुवातीपासून सोबत घ्या, कारण तुमच्या चौघांत तो नाही. पण बहुतेक वेळा ‘जावा’ म्हणताना ग्राहकाच्या मनात भीती वेगळीच असते: तुम्ही उद्या गायब झालात तर माझ्या पेशंटच्या नोंदींचं काय? तसं असेल तर करारात तीन गोष्टी द्या. त्याला हवा तेव्हा, उघडता येईल अशा स्वरूपात संपूर्ण डेटा. एपीआयचं (दुसऱ्या प्रोग्रामने आपल्याशी बोलायच्या मार्गाचं) लेखी वर्णन. आणि रोजच्या बॅकअपची एक प्रत त्याच्या ताब्यातल्या जागेवर, जी दर महिन्याला त्याच्यासमोर रिस्टोअर करून दाखवायची. हे मिळाल्यावर आत कोणती भाषा आहे याची चौकशी माझ्याकडे तरी क्वचितच कोणी पुढे केली.